गावाखालून पाइपलाइन जाते: नव्या सरपंचांनी, पोलीस पाटलांनी आणि आपदा मित्रांनी काय करून ठेवायचं

पोलीस पाटीलपदाचा नेमणुकीचा कागद हातात पडला किंवा निवडून येऊन सरपंचाच्या खुर्चीत बसलात, की पहिले काही महिने पाणी, रस्ता आणि रेशन यांतून मान वर काढायला सवड मिळत नाही. शिवारातून गेलेल्या पाइपलाइनकडे बघायचं तेवढं राहून जातं. ती दिसत नाही, आवाज करत नाही, वर्षानुवर्षं काही होतही नाही. मी नगरपरिषदेच्या अग्निशमन दलात एकवीस वर्षं काढली. आमच्या हद्दीजवळून तीन वाहिन्या जात होत्या. त्यांच्याबद्दल जे कळलं ते थोडं प्रशिक्षणात, बरंचसं बांधावर उभं राहून. नव्याने जबाबदारी घेतलेल्या माणसाला, मग तो सरपंच असो, पोलीस पाटील असो की आपदा मित्र, म्हणजे आपत्तीत मदत करायला शिकवलेला स्वयंसेवक असो, ते पहिल्या दिवशीच हाताशी मिळावं, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

महाराष्ट्राच्या पोटातून अशा बऱ्याच वाहिन्या जातात. मुंबईहून मनमाडमार्गे दिल्लीजवळच्या बिजवासनपर्यंत पेट्रोल-डिझेल जातं. मुंबई-पुणे-सोलापूर अशी एक वेगळी लाइन आहे. उरणहून चाकणकडे एलपीजी जातो. दहेजहून उरण, पनवेल आणि पुढे दाभोळपर्यंत नैसर्गिक वायू येतो, आणि काकीनाड्याहून भरूचला जाणारी वायूवाहिनी महाराष्ट्र आडवा ओलांडते. शहरांत घरोघरी जाणाऱ्या गॅसच्या नळ्या वेगळ्याच. यांतलं काहीही फुटलं तर तिथे सगळ्यात आधी पोहोचतो तो गुराखी, शेतमजूर, जेसीबीचा ऑपरेटर किंवा तुम्ही. कंपनीची गाडी नंतर येते. पुढची सगळी कामं ही गोष्ट धरून आहेत.

पहिलं काम: लाइन कुणाची आणि तिच्यात काय वाहतं

तलाठ्यांकडून त्या पट्ट्यातल्या गटांचे सातबारे काढा आणि ‘इतर अधिकार’ हा रकाना वाचा. पाइपलाइनसाठी वापरहक्क घेतला असेल तर त्याची नोंद तिथे सापडते. कंपनीचं नाव मिळालं की अर्धं काम झालं.

मग एक दिवस सकाळी लाइनवर चालत जा. शक्यतो लाइनवॉकरला सोबत घ्या. लाइनवॉकर म्हणजे कंपनीच्या वतीने रोज ठरलेला पट्टा पायी तुडवणारा माणूस. बहुतेक वेळा तो शेजारच्याच गावचा असतो, पण गावात कुणाला त्याचं नाव माहीत नसतं. त्याच्याबरोबर चालताना प्रत्येक खांब बघा. काहींवर किलोमीटरचा आकडा असतो. काही वळणाच्या जागी असतात. काही टेस्ट पोस्ट असतात, म्हणजे नळी गंजू नये म्हणून दिलेला वीजदाब मोजण्याची जागा. रस्ता, रेल्वे आणि नदी-नाला ओलांडण्याच्या ठिकाणी इशाऱ्याची पाटी असते. कंपनीचं नाव, आत काय आहे ते आणि आणीबाणीचा फोन तिच्यावर लिहिलेला असतो. मोबाइलमध्ये प्रत्येकाचा फोटो घ्या आणि वहीत उतरवा: अमुक आकड्याचा खांब म्हणजे अमक्याची विहीर, तमुक खांब म्हणजे मसोबाचा माळ. कंपनी किलोमीटरच्या भाषेत बोलते, गाव विहिरीच्या आणि झाडाच्या. आपत्तीच्या रात्री ही दोन्ही एकमेकांना कळायला हवीत.

आत काय वाहतं यावर पुढचं सगळं वागणं ठरतं.

नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका. मोकळ्या रानात तो वर निघून जातो, पण घरात, गोठ्यात, पत्र्याखाली साठतो. हवेत त्याचं प्रमाण साधारण ५ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान आलं की ठिणगी पुरते. एलपीजी हवेपेक्षा जड. तो जमिनीसरसा सरपटतो, ओढ्यात, चरात, विहिरीत, गटारात उतरतो आणि तिथे बराच वेळ थांबतो. पेट्रोल-डिझेल पाण्यावर तरंगत ओढ्याने खालच्या गावापर्यंत जातं. पेट्रोलची वाफही जडच.

यातली एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. घरच्या गॅसचा जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा. तो बहुधा शहराच्या वेशीवर, वितरण सुरू होतं तिथे मिसळतात. लांब पल्ल्याच्या मुख्य वायूवाहिनीत तो बहुतेक ठिकाणी नसतोच. म्हणून शिवारात ‘वास येत नाही, म्हणजे गळती नाही’ असं धरून चालू नका.

दुसरं काम: फोनचा कागद आणि ओळख

तैवानमधल्या काओशुंग शहरात ३१ जुलै २०१४ च्या रात्री काय झालं ते आमच्या प्रशिक्षणात सांगितलं होतं, आणि ते मी कधी विसरलो नाही. रात्री पावणेनऊच्या सुमारास रस्त्यावर गॅसचा वास येतो म्हणून फोन यायला लागले. अग्निशमनाच्या गाड्या पोहोचल्या. पण रस्त्याखालून कुणाची नळी जाते आणि तिच्यात काय आहे, हे जागेवर असलेल्या कुणालाच सांगता येईना. प्रोपीन हा ज्वलनशील वायू वाहून नेणारी ती नळी पावसाच्या पाण्याच्या भुयारी नाल्यातून गेली होती आणि वायू त्या नाल्यातून पसरत राहिला. मध्यरात्रीच्या थोडं आधी लांबच लांब रस्ता फुटून वर आला. ३२ माणसं गेली. त्यात मदतीला धावलेले अग्निशमनचे जवानही होते. हातात तीन तास होते, पण कुणाला फोन करायचा तेच ठाऊक नव्हतं.

अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो इथे ९ सप्टेंबर २०१० रोजी ३० इंची वायूवाहिनी भर वस्तीत फुटली. आठ जण मेले, ३८ घरं जळून गेली. आपल्या हद्दीखालून एवढी मोठी वाहिनी जाते याची तिथल्या अग्निशमन दलाला कल्पना नव्हती. वायूचा प्रवाह थांबवायला कंपनीला ९५ मिनिटं लागली.

म्हणून कागद आजच करा. त्यावर कंपनीच्या २४ तास चालणाऱ्या नियंत्रण कक्षाचा क्रमांक हवा आणि जवळच्या स्टेशनच्या इनचार्जचा मोबाइल हवा. पोलीस ठाणं, सगळ्यात जवळची अग्निशमन गाडी जिथून येते ती नगरपरिषद किंवा एमआयडीसीचं केंद्र, तहसीलदार, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि शाळेचे मुख्याध्यापक यांचे क्रमांक हवेत. जवळून रेल्वे जात असेल तर स्टेशन मास्तरचाही. ११२, १०१, रुग्णवाहिकेचा १०८ आणि जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा १०७७ हे सगळ्यांना पाठ हवेत. महावितरणच्या उपकेंद्रातल्या ऑपरेटरचा क्रमांक विसरू नका, आणि तुमच्या वस्तीला वीज देणाऱ्या फीडरचं नावही लिहून ठेवा. वेळ आल्यावर ‘आमच्या गावची लाइट बंद करा’ म्हणण्यापेक्षा फीडरचं नाव सांगितलं की वीज लवकर बंद होते.

कागद झाला की प्रत्येक क्रमांक एकदा लावून बघा, आणि तोही रात्री. एका नाल्याकाठच्या पाटीवरचा आणीबाणीचा क्रमांक मी असाच एका रविवारी रात्री लावला. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही’ असं ध्वनिमुद्रित उत्तर आलं. पाटी नवीकोरी दिसत होती, रंगही ताजा होता. रंगवणाऱ्याने जुनाच आकडा पुन्हा गिरवला होता. आम्ही लेखी पत्र दिलं, पोच घेतली, आणि पंधरवड्यात त्या पट्ट्यातल्या सगळ्या पाट्या बदलल्या गेल्या. तोवर कितीतरी पावसाळे तो मेलेला क्रमांक तसाच उभा होता.

फोनपेक्षा मोठी गोष्ट म्हणजे तोंडओळख. कंपनीच्या इनचार्जला ग्रामपंचायतीत चहाला बोलवा. बीट अंमलदार, अग्निशमन केंद्राचा अधिकारी, तलाठी आणि लाइनवॉकर त्याच दिवशी येतील असं बघा. नकाशा टेबलावर पसरा. व्हॉल्व्ह स्टेशन कुठे आहे, तिथे माणूस असतो की ते दुरून चालतं, आणि तुमच्या गावापर्यंत यायला त्यांच्या गाडीला खरोखर किती वेळ लागतो, हे विचारा. ‘आम्ही लगेच पोहोचतो’ या उत्तरावर समाधान मानू नका. मिनिटांचा आकडा घ्या आणि वहीत लिहा.

तिसरं काम: खोदकामावर लक्ष

गावच्या हातात सगळ्यात जास्त काही असेल तर ते इथे आहे. पाणी योजनेची पाइप, ऑप्टिकल फायबरचा चर, शेततळं, विहीर, रस्त्याकडेची गटार यांतल्या प्रत्येकासाठी जेसीबी येतो आणि ऑपरेटर परगावचा असतो. खाली काय आहे हे त्याला सांगणारं कुणी नसतं.

लाइन पुरताना तिच्यावर साधारण एक मीटर किंवा जास्त मातीचं आवरण ठेवतात. पण नांगरट, सपाटीकरण आणि नाल्याचं पाणी यांनी ते कमी होत जातं. ‘आम्ही तर फक्त दोन फूट खोदतोय’ हे कारण त्यामुळे पुरत नाही. एक नियम करा आणि तो ग्रामसभेच्या ठरावात घ्या: पाइपलाइनच्या पट्ट्यात किंवा त्याला लागून कुठलंही यंत्र लावण्याआधी कंपनीला लेखी कळवायचं आणि कंपनीचा माणूस जागेवर उभा असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. तो आल्यावर लोकेटरने, म्हणजे जमिनीखालची नळी शोधणाऱ्या यंत्राने, नळीची जागा काढतो. चुन्याने किंवा झेंड्यांनी खूण करतो. मग हाताने, कुदळ-फावड्याने परीक्षणाचा खड्डा घेऊन नळी डोळ्यांनी बघायची, आणि त्यानंतरच यंत्र किती जवळ येऊ शकेल ते तो सांगतो. केंद्र सरकारचं ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप २२ मार्च २०२३ पासून आहे. ठेकेदाराला त्यावर नोंद करायला लावा, पण कंपनीला थेट फोन करायचा तो कराच.

आता जी चूक सगळ्यात जास्त जीव घेऊ शकते तिच्याबद्दल. एका जूनमध्ये, पहिला पाऊस पडायच्या आत काम उरकायच्या घाईत, पाणी योजनेच्या चराला लावलेल्या जेसीबीचा दात एका नळीला घासला. वायू सुटला नाही. आवाजही झाला नाही. वरचा काळा लेप निघून खाली लोखंड उघडं पडलं आणि त्यावर बोटभर लांबीचा चकचकीत चर उमटला. मुकादम म्हणाला, काही झालं नाही, माती ओढ. ऑपरेटर विशीतला पोरगा होता. त्याला झोप लागेना. संध्याकाळी त्याने कोतवालाला सांगितलं, कोतवालाने मला. आम्ही कंपनीला फोन केला. रात्री साडेदहाला त्यांचे लोक आले, आधी लाइनचा दाब कमी केला, मग हाताने माती काढून बॅटरीच्या उजेडात तो चर मोजला. पुढच्या दिवसांत तिथे लोखंडी स्लीव्ह, म्हणजे नळीभोवती घट्ट बसणारं वेष्टण, बसवली.

लोखंडाला पडलेला असा चर किंवा पोचा त्या दिवशी फुटत नाही. आतला दाब रोज थोडा वरखाली होत राहतो आणि त्या ओरखड्याच्या टोकाला भेग वाढत जाते. लेप निघालेल्या जागी गंज वेगळाच. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, खोदणारा विसरून गेलेला असतो तेव्हा, नळी तिथेच फाटते. म्हणून गावात सगळ्यांना एक गोष्ट पक्की सांगून ठेवा: नळीला दात लागला आणि कळवलं, तर त्या माणसाच्या पाठीशी गाव उभं राहील. त्या पोराला आम्ही ग्रामसभेत नारळ देऊन उभं केलं होतं. त्यानंतर आमच्याकडे दोनदा, आपणहून, असे फोन आले.

चौथं काम: गळती ओळखणं

जमिनीतून सू सू असा किंवा विमानासारखा घरघराट. कोरड्या दिवसात एकाच जागी उडणारी माती. भाताच्या खाचरात किंवा डबक्यात सतत येणारे बुडबुडे. आजूबाजूला हिरवं असताना पट्ट्यावरच पिवळं पडलेलं गवत. जमिनीवर अचानक दव किंवा बर्फासारखा थर, कारण दाबातून सुटणारा वायू थंडगार असतो. जमिनीलगत पांढरं धुकं दिसलं तर ते बहुधा एलपीजीचं असतं. विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग किंवा पाण्याला डिझेलचा वास. यांतलं एक दिसलं तरी फोन करा. खोटा निघाला तरी कुणाचं काही बिघडत नाही.

आंध्र प्रदेशातल्या तेव्हाच्या पूर्व गोदावरी जिल्ह्यात नगरम या गावी २७ जून २०१४ च्या पहाटे वायूवाहिनी फुटली आणि वीसहून अधिक माणसं जळून गेली. नळी आतून गंजली होती. आतला गंज गावाला दिसत नाही, पण तो बाहेर पडायला लागतो तेव्हाच्या खुणा मात्र सगळ्यात आधी गावालाच दिसतात.

पाचवं काम: पहिली पंधरा मिनिटं

आधी स्वतः दूर व्हा, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने. वारा कुठून येतो ते धुळीवरून, झाडाच्या शेंड्यावरून किंवा उपरण्याचं टोक धरून बघा. वायू असेल तर चारी बाजूंनी निदान १०० मीटर जागा रिकामी करा. गळती मोठी असेल तर वाऱ्याच्या दिशेला ८०० मीटरपर्यंतची घरं हलवावी लागतात. पेट्रोल-डिझेलसाठी सुरुवात ५० मीटरपासून, मोठ्या सांडीला वाऱ्याच्या दिशेने ३०० मीटर.

फोन दूर गेल्यावरच करा. बोलताना असं बोला:

“मी अमुक गावचा पोलीस पाटील बोलतोय. तुमच्या लाइनच्या ८७ किलोमीटरच्या खांबापासून नाल्याकडे दोनशे पावलांवर जमिनीतून आवाज येतोय, माती उडतेय. आग लागलेली नाही. वारा पश्चिमेकडून पूर्वेला आहे. पूर्वेला तीनशे मीटरवर पंधरा घरांची वस्ती आहे. कुणी जखमी नाही. मी पश्चिमेला डांबरी रस्त्यावर थांबलोय, हाच नंबर चालू ठेवतो.”

अर्ध्या मिनिटाचं बोलणं आहे, पण नियंत्रण कक्षातल्या माणसाला कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते यातूनच कळतं. त्यानंतर ११२, मग १०७७. एकाने सगळ्यांना फोन करत बसू नका. कोण कुणाला करणार हे आधी वाटून ठेवा.

वस्ती रिकामी करताना दारोदार जाऊन तोंडाने सांगा. देवळाच्या भोंग्यावरून पुकारायचा मोह होतो, पण देऊळ वायूच्या पट्ट्यात असेल तर ॲम्प्लिफायरचं बटणच ठिणगी देईल. घरातले दिवे चालू असतील तर चालूच राहू द्या, बंद असतील तर बंद. चूल, स्टोव्ह, विडी विझवलेली हवी. मोटरसायकलला किक मारायची नाही, ढकलत न्यायची. वीज दुरून, उपकेंद्रातूनच बंद करायला सांगा. जागेवरचा डीपी कुणाला ओढू देऊ नका. रस्त्याच्या दोन्ही तोंडांना दोन-दोन माणसं उभी करून गाड्या अडवा.

जनावरांचं आधी ठरवून ठेवा. बाहेर काढलेली माणसं परत फिरतात ती बहुतेक वेळा दावणीला बांधलेल्या गाईम्हशींसाठी. म्हणून पहिल्या फेरीतच, वेळ असेल तर, विळ्याने दावी कापून जनावरं मोकळी करा. ती आपली आपण लांब जातात, आणि माणसालाही मागे वळायचं कारण उरत नाही.

पेट्रोल सांडलं असेल तर कॅन, बादल्या घेऊन लोक जमू नयेत हे पोलीस येईपर्यंत तुम्हालाच बघायचं आहे. मेक्सिकोत त्लावेलिल्पान इथे १८ जानेवारी २०१९ ला चोरांनी भोक पाडलेल्या लाइनमधून उडणारं पेट्रोल भरायला शेकडो लोक शेतात उतरले होते. भडका उडाला आणि १३० हून अधिक माणसं गेली. हे गावात सांगायला संकोच करू नका, बायाबापड्यांना आणि पोरांनाही सांगा.

दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. कंपनीच्या व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. चुकीचा व्हॉल्व्ह बंद झाला तर दुसरीकडे दाब चढतो. आणि पेटलेला वायू विझवायचा नाही. जळतोय तोवर तो साठत तरी नाही. ज्वाळा विझली आणि वायू येतच राहिला तर तो पसरून मोठा स्फोट होईल. पाणी मारायचं ते आजूबाजूच्या घरांवर, गंजींवर, झाडांवर, ती पेटू नयेत म्हणून. पेट्रोलवर पाण्याचा झोत मारू नका, आग तरंगत पुढे जाते; तिथे फोम लागतो.

सहावं काम: सगळे आल्यावर

व्हॉल्व्ह बंद केला तरी आवाज का थांबत नाही, असं लोक चिडून विचारतात. विरळ वस्तीच्या भागात दोन व्हॉल्व्हमधलं अंतर ३२ किलोमीटरपर्यंत असू शकतं. दाट वस्तीत ते ८ किलोमीटरपर्यंत खाली येतं. दोन्ही बाजूंनी बंद केल्यावरही मधल्या नळीतला सगळा वायू बाहेर पडेपर्यंत ज्वाळा चालूच राहते. लोकांना हे आधीच सांगितलेलं असेल तर कंपनीच्या माणसांवर हात उगारले जात नाहीत.

गाड्या वाऱ्याच्या वरच्या अंगाला, ठरलेल्या एकाच जागी थांबवा. शाळेचं मैदान असेल तर उत्तम, पण दोन दिशांना दोन जागा ठरवून ठेवा, कारण वारा ऋतूप्रमाणे बदलतो. जागेवरचा हुकूम एकाचाच चालला पाहिजे. जिल्ह्याचे प्रमुख जिल्हाधिकारी असतात. जागेवर प्रांताधिकारी किंवा तहसीलदार सूत्रं घेतात. ते येईपर्यंत अग्निशमन अधिकारी आणि पोलीस निरीक्षक एकमेकांशेजारी उभे राहावेत, कंपनीचा माणूस त्यांच्या हाताशी असावा, आणि तुम्ही चौथे. तुमच्याकडे असतं ते दुसऱ्या कुणाकडे नसतं: कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेली म्हातारी आहे, कुठली वाट ट्रॅक्टरला पुरते, कुठल्या खोल विहिरीत वायू अडकतो.

कंपनीच्या किंवा दलाच्या माणसाकडे वायू मोजायचं यंत्र असेल. त्यावर दिसणारे टक्के वायूचे नसतात, स्फोटाच्या किमान पातळीचे असतात. १०० दिसलं म्हणजे हवेत साधारण ५ टक्के नैसर्गिक वायू. आमच्या दलात १० दिसलं की जवान मागे, असा नियम होता आणि त्याला अपवाद नव्हता. परत घरी जायची परवानगी देताना प्रत्येक घर, तळघर, संडास, गोठा आणि विहिरीचं तोंड मोजलं गेलं का, ते विचारा.

सातवं काम: कायदा कुठे वापरायचा

इथे बरेच दरवाजे आहेत आणि नवा माणूस चुकीच्या दारावर थाप मारत बसतो.

लांब पल्ल्याच्या वाहिन्यांसाठी जमिनीचा वापरहक्क १९६२ च्या पेट्रोलियम आणि खनिज पाइपलाइन कायद्याने घेतला जातो. त्याच्या कलम ९ प्रमाणे त्या पट्ट्यावर बांधकाम, टाकी, विहीर, तळं, बंधारा करता येत नाही आणि झाड लावता येत नाही. पूर्वीसारखी शेती मात्र करता येते. कुणी पत्र्याची शेड उभी करायला लागला तर पाया भरायच्या आत कंपनीला आणि तहसीलदारांना एकाच दिवशी पत्र द्या. घर झाल्यावर पाडायला गेलं की गावात कायमचं वैर होतं. पिकाचं किंवा जमिनीचं नुकसान झालं असेल तर भरपाईचा अर्ज याच कायद्याखालच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, आणि ती रक्कम मान्य नसेल तर पुढे जिल्हा न्यायाधीशांकडे.

भोक पाडून पेट्रोल चोरण्याला या धंद्यात टॅपिंग म्हणतात. पट्ट्याजवळ अचानक भाड्याने घेतलेली खोली, रात्री येणारा पिकअप, ताजी उकरलेली आणि गवताने झाकलेली माती ही त्याची लक्षणं. स्वतः अडवायला जाऊ नका, थेट पोलिसांना सांगा. १९६२ च्याच कायद्यात २०११ मध्ये झालेल्या दुरुस्तीने यासाठीच्या शिक्षा बऱ्याच कडक झाल्या आहेत.

कंपनी स्वतःच सुरक्षेत कमी पडत असेल, म्हणजे पाट्या नाहीत, नाल्यात उघडी पडलेली नळी झाकत नाही, पत्रांना उत्तर नाही, तर आधी कंपनीला लेखी, मग जिल्हाधिकाऱ्यांना. त्यावर २००६ च्या कायद्याने स्थापन झालेलं पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू नियामक मंडळ आहे. आणीबाणीच्या आराखड्याबद्दल या मंडळाचे २०१० चे विनियम आहेत. त्यात आपत्तीचे तीन स्तर धरले आहेत: कंपनी एकटी सांभाळेल ती, जिल्ह्याची मदत लागेल ती, आणि राज्य किंवा देशपातळीवर जाणारी. मंडळाचे निर्देश मोडले तर १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि मोडणं चालूच राहिलं तर दिवसाला १० लाखांपर्यंत. पेट्रोल-डिझेलच्या लाइनचे परवाने पेसोकडे, म्हणजे केंद्राच्या पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेकडे असतात. तिचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे.

१९९६ च्या रासायनिक अपघात नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्कालीन गट असतो आणि त्याची बैठक दर ४५ दिवसांनी व्हायला हवी. औद्योगिक पट्ट्यात स्थानिक गट असतो, त्याची दर महिन्याला. तुमचा प्रश्न या बैठकीच्या विषयपत्रिकेवर आणा, कारण तिथे महसूल, पोलीस, अग्निशमन, आरोग्य आणि कारखाने निरीक्षक एकाच टेबलाशी असतात.

प्रत्येक पत्राची पोच घ्या आणि फाइल ग्रामपंचायतीत ठेवा, घरी नको. सॅन ब्रुनोची नळी कंपनीच्या कागदांत बिनसांध्याची म्हणून नोंदलेली होती. जमिनीत होती ती सांधलेली, आणि सदोष सांध्यातूनच ती फाटली. २०१५ मध्ये तिथल्या राज्य नियामकाने त्या कंपनीला १.६ अब्ज डॉलरचा दंड केला, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने तिला फौजदारी गुन्ह्यांत दोषी धरलं. नोंदींमधला हा ढिसाळपणाच त्या सगळ्या चौकशीत कंपनीच्या अंगाशी आला.

आठवं काम: मॉक ड्रिल गावातच मागा

१९८९ च्या घातक रसायन नियमांप्रमाणे कारखान्याबाहेरच्या आराखड्याची रंगीत तालीम वर्षातून निदान एकदा व्हायला हवी. बऱ्याचदा ती कंपनीच्या गेटसमोर होते, बँडेज बांधलेले चार कर्मचारी स्ट्रेचरवर झोपतात आणि फोटो निघतात. ग्रामसभेचा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे मागणी करा की ती तुमच्या वस्तीवर, शाळा चालू असताना व्हावी. त्या दिवशी हातात घड्याळ घेऊन उभे राहा. पहिला फोन किती वाजता गेला, कंपनीने किती वाजता उचलला, अग्निशमनची गाडी किती वाजता पोहोचली, गाडी पुलाखालून गेली का, फोम होता का, वस्तीतलं शेवटचं माणूस किती वाजता बाहेर आलं. हे आकडे लिहून त्याच संध्याकाळी सगळ्यांच्या सह्या घ्या. आमच्या पहिल्या तालमीत गाडी वेळेवर निघाली आणि ऊसतोडीच्या बैलगाड्यांमागे अडकली. पुढच्या वेळी पर्यायी वाट ठरवली, तिच्यावरचा एक बांध फोडून घेतला.

खरी दुर्घटना झालीच तर आग विझल्यावर खड्डा बुजवू देऊ नका, नळीचे तुकडे कुणी उचलू नयेत, पंचनामा होईपर्यंत जागेला दोरी लावा. विहिरींचं पाणी तपासून येईपर्यंत माणसं आणि जनावरं दोघांनाही टँकर.

दरवर्षी मृग लागायच्या आधी आणि पहिला मोठा पाऊस झाल्यानंतर, अशा दोन फेऱ्या लाइनवर माराच. नाल्याच्या काठाची माती वाहून नळी उघडी पडते ती याच दिवसांत. आणि कंपनीचा इनचार्ज, ठाणेदार किंवा तहसीलदार बदलून गेले की त्याच आठवड्यात फोनच्या कागदावरचं नाव बदला. तो कागद ग्रामपंचायतीच्या दारामागे, शाळेच्या ऑफिसात आणि लाइनला लागून असलेल्या पहिल्या तीन घरांत चिकटवलेला असू द्या, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय वाचता येईल असा.